त्या खांबापाशी गाडी लावू नका

आज सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडावरची एक चारचाकी वाहतूक पोलिसांच्या क्रेनने उचलली. पाच मिनिटांत क्रेनभोवती पंधरा-वीस माणसं गोळा झाली. कशासाठी? गाडी सोडवायला! "साहेब, आत्ताच लावली होती", "इथलेच आहेत हो ते", "आधी मेनरोडवरच्या उचला". त्यात माझ्या रोजच्या बोलण्यातले चार चेहरे होते. मी गॅलरीतून बघत होते आणि रागाने माझे हात थरथरत होते.

कारण त्याच विजेच्या खांबापाशी गेल्या श्रावणात, रात्री पावणेतीनला, अशीच एक गाडी उभी होती. निळं कव्हर घातलेली. आणि आमचे अण्णा, माझे सासरे, बाथरूमच्या दारात पडले होते. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात लुळा. १०८ ला फोन केला. ॲम्ब्युलन्स लगेच आली आणि त्या खांबापाशी येऊन थांबली.

आमची पुण्याच्या पेठेतली गल्ली. वाडे गेले, चार-चार मजले चढले, घरटी दोन गाड्या आल्या, गल्ली मात्र वाड्यांच्या काळातलीच राहिली. ॲम्ब्युलन्स आत येईना. स्ट्रेचर आणलं, तर तेही गाडी आणि भिंतीच्या फटीतून जाईना. शेवटी ह्यांनी आणि समोरच्या तिघांनी अण्णांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, मी माझ्या ओढणीने त्यांना खुर्चीला बांधलं आणि खुर्ची बॉनेटवरून पलीकडे दिली. धक्क्याने गाडीचा अलार्म वाजायला लागला. सगळी गल्ली जागी झाली, गाडीवाला सोडून.

यात वीस मिनिटं गेली. मेंदूचा रक्तपुरवठा अडला की मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं बरं. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त घड्याळाकडे बघत होते.

म्हणून मला सांगू नका की टोइंग म्हणजे जुलूम आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ खाली पोलीस अशी गाडी हलवू शकतात आणि खर्च मालकाकडून घेऊ शकतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना ॲम्ब्युलन्सला किंवा बंबाला वाट दिली नाही, तर १०,००० रुपये दंड किंवा सहा महिने कैद, दोन्हीही होऊ शकतं. मग हँडब्रेक ओढून, कुलूप लावून जो वाट अडवतो आणि वर जाऊन झोपतो, त्याची गाडी उचलली तर एवढा गहजब कशाला? आणि उद्या गल्लीत आग लागली तर? बंब जवळजवळ अडीच मीटर रुंद असतो. तो काय खुर्चीत बसवून आत आणणार आहात?

हो, टोइंगवाले दुचाक्या कशाही ओढतात, आरसे मोडतात, हे मीही पाहिलंय. आणि पेठेत गाडी लावायला जागा नाही, हेही खरं. पण जागा नाही म्हणून दुसऱ्याच्या दारातली वाट घ्यायची?

आपण तेच लोक आहोत ना, जे लक्ष्मी रोडवर विसर्जनाच्या मिरवणुकीत, मुंगी शिरणार नाही अशा गर्दीत, ढोल थांबवून ॲम्ब्युलन्सला वाट करून देतो? दरवर्षी तो व्हिडिओ बघून माझे डोळे भरून येतात. मिरवणुकीतल्या हजारो माणसांना जे जमतं, ते एका गाडीला का जमू नये?

ते निळ्या कव्हरवाले गृहस्थ वाईट नाहीत, हेही लिहायलाच हवं. दुसऱ्या दिवशी शहाळी घेऊन दवाखान्यात आले. "वहिनी, मला उठवायचं होतंत," म्हणाले. कसं उठवणार? कव्हराखालची गाडी कुणाची, हेच कुणाला माहीत नव्हतं. काचेवर एक फोन नंबरसुद्धा नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं, असं आज वाटतंय.

डॉक्टरांना मी विचारलं होतं, वीस मिनिटं आधी पोचलो असतो तर? ते म्हणाले, छातीठोकपणे नाही सांगता येत. अण्णा आहेत आमच्यात, देवाची कृपा. डाव्या हाताने जेवतात. वरणभात कालवता येत नाही नीट, मग मी कालवून देते, आणि ते मान खाली घालतात. चाळीस वर्षं पोस्टात सही ठोकलेला हात आहे तो.

त्या रात्री त्यांच्या पायातली एक चप्पल तिथेच पडली होती. सकाळी मी आणायला गेले तर ती पुढच्या चाकाखाली गेलेली. गाडी तशीच उभी होती, कव्हर नीट बांधलेलं.

आज जे क्रेनभोवती उभे होते, त्यांतल्या दोघांनी त्या रात्री अण्णांची खुर्ची धरली होती. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. म्हणूनच जास्त लागलं. तुम्ही कसं विसरलात हो?

हे टाइप करतेय आणि खाली त्याच खांबापाशी आणखी एक गाडी लागलीय. कुणाची ते माहीत नाही. खाली जाऊन विचारून येते.