सर्व्हर सांभाळणार कोण?

माझी वहिनी नवी मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. कॉलेजनं ऑनलाइन वर्ग आणि प्रॅक्टिकलसाठी स्वतःचा सर्व्हर ठेवावा, असं मी म्हणतो आणि फोनवर आमची जुंपते. "फुकट मिळतंय ते वापरतोय की. आणि भावजी, सबमिशनच्या आदल्या रात्री तुमचा सर्व्हर बसला तर बघणार कोण?"

'फुकट'चं आधी सांगतो. गूगलनं शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद साठवण २०२२ मध्ये संपवली आणि अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबीची मर्यादा घातली. तक्रार करून उपयोग नव्हता. जागा त्यांची, नियम त्यांचे.

मी राहतो त्या जर्मनीतल्या स्टुटगार्टकडच्या शाळांत अभ्यासक्रम आणि सबमिशनसाठी मूडल आणि ऑनलाइन वर्गासाठी बिगब्लूबटन चालतं. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे कुणीही लायसन्सचे पैसे न देता स्वतःच्या सर्व्हरवर चालवावीत अशी. एक ऑस्ट्रेलियात जन्मलं, दुसरं कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात. मुलांची माहिती कंपन्यांच्या हाती नको, म्हणून राज्याच्या डेटा-संरक्षण आयुक्तांनी २०२२ मध्ये शाळांना मायक्रोसॉफ्ट ३६५ ला पर्याय शोधायला सांगितलं. इथंही सगळं गोडगोड नाही. डिसेंबर २०२० मध्ये शेजारच्या बव्हेरियाचं मूडलवर उभारलेलं 'मेबिस' हे शाळांचं ऑनलाइन व्यासपीठ गर्दीनं कोलमडलं होतं. पण ते पुन्हा उभं करणं हे कुणाचं तरी पगारी काम होतं.

मला खरी कळकळ आहे ती प्रॅक्टिकलची. लॉकडाऊनमध्ये वहिनीची मुलं मोबाइलवर पायथन टाइप करायची आणि आउटपुटचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवायची. तोच जर्नलला चिकटायचा. मुलगा कुठे अडला, हे तिला दिसायचंच नाही. ज्युपिटरहब या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रॅम सर्व्हरवर चालतो, मुलाला नुसता ब्राउझर लागतो. दिव्याहून येणाऱ्या, घरी जुना लॅपटॉप असलेल्या मुलीलाही वर्गातल्या सगळ्यांसारखंच मशीन मिळतं. त्याची छोटी आवृत्ती एकाच सर्व्हरवर शंभरेक मुलांपर्यंत पेलते. हे आपल्याला नवखं नाही. पवईच्या आयआयटीत शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर आणणारा 'फॉसी' प्रकल्प आहेच. तिथल्या छोट्या हीटरवरचे तापमान कंट्रोल करण्याचे प्रयोग दूरच्या कॉलेजातली मुलं इंटरनेटवरून करत आली आहेत.

वहिनीचा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि त्याचं उत्तर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नाही. लायसन्सचे शून्य रुपये म्हणून देखभालीचेही शून्य धरायचे आणि सगळा भार एखाद्या उत्साही प्राध्यापकाच्या गळ्यात घालायचा, हे थांबलं पाहिजे. प्राध्यापक कॉलेज सोडतात आणि सर्व्हर धूळ खात पडतो. ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरं उभी आहेत. तिथं लागणारी, सर्व्हर चालवणाऱ्या लिनक्सची कामं शेवटच्या वर्षाच्या मुलांनी कॉलेजातच, मानधन घेऊन का शिकू नयेत? त्यांच्यावर एक कायम सिस्टीम ॲडमिन हवा, आणि रोजचा बॅकअप कॉलेजच्या बाहेर. सुरुवात एकाच विषयाच्या प्रॅक्टिकलनं करा. सगळं मूडल पहिल्याच सेमिस्टरला नको.

पण पद आधी मंजूर करा, सर्व्हर मग घ्या.