वाटपाची यादी कोण करतो? : एका प्रतिक्रियेला उत्तर

'एक शेतकरीपुत्र, ब्रह्मपुरी' यांस,

सप्रेम नमस्कार.

वैनगंगेच्या 2020 च्या पुरानंतर आमच्या संस्थेने केलेल्या कामावर मी लिहिलेल्या लेखाखाली आपली दीर्घ प्रतिक्रिया वाचली. आपले आक्षेप तीन आहेत. धार्मिक संस्थेची मदत म्हणजे गळाला लावलेले आमिष असते, निखळ सेवा करणाऱ्याला धर्माची पाटी लागत नाही, हा पहिला. प्रमुख पदावरची माणसे पगार घेतात, गाडीने फिरतात, मग त्याला सेवा म्हणू नये, हा दुसरा. आणि विकासाचे प्रकल्प तीन वर्षांत गाशा गुंडाळतात, गावात मागे उरतो तो फलक, हा तिसरा. पुराच्या वेळी आपल्या गावात वाटलेल्या ताडपत्रीवर 'नाव मोठे आणि ताडपत्री लहान' होती, असेही आपण लिहिले आहे. ते वाक्य मला लागले, कारण तशा ताडपत्र्या मीही पाहिल्या आहेत. म्हणून दोन ओळींत आभार मानून हा विषय मिटवणे मला योग्य वाटले नाही.

मी ख्रिस्ती आहे आणि श्रद्धाळू आहे, हे आधीच सांगते. आमचे घर अचलपूर-परतवाड्याकडचे. माझी आजी कोठारा येथील कुष्ठरोग रुग्णालयात परिचारिका होती. सख्खी माणसे ज्यांना गावकुसाबाहेर ठेवत, त्यांच्या जखमा ती सहा दिवस धूत असे आणि रविवारी प्रार्थनेला जात असे; ही दोन वेगळी कामे आहेत असे तिला कधी वाटले नाही. त्याच अमरावती जिल्ह्यात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारले. गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. मोझरीच्या गुरुकुंजात तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना आणि ग्रामसेवा यांची सांगड घातली. सेवेच्या मुळाशी श्रद्धा असणे आपल्या वऱ्हाडाला आणि झाडीपट्टीला परके नाही, आणि त्यात लपवण्यासारखेही काही नाही. त्यामुळे सेवेला धर्म कशाला, या आपल्या प्रश्नाशी मी सहमत होऊ शकत नाही. परंतु त्या प्रश्नाच्या मागे दुसरा एक प्रश्न आहे, आणि तो खरा आहे. देणाऱ्याची श्रद्धा घेणाऱ्याच्या अडचणीवर जाऊन बसते का?

एक प्रसंग सांगते. ऑगस्टच्या अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवर धरणाचे पाणी सुटले, गोसेखुर्द धरणाचे 33 दरवाजे उघडावे लागले आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. लाडज गाव तर पाण्याने पुरते वेढले गेले. पुढचे सगळे आपण स्वतः पाहिले आहे, त्यामुळे ते मी आपल्याला सांगायला नको. पाणी उतरल्यावर नदीकाठच्या एका गावात आम्ही शाळेच्या वऱ्हांड्यात वाटप करीत होतो. कोरोनामुळे चुन्याचे गोल आखले होते. एक म्हातारी आपल्या गोलातून पुढे आली, तांदूळ, डाळ, तेल आणि चादरींचे गाठोडे तिने पायाशी ठेवले, पदर डोक्यावर घेतला आणि मला विचारले, "बाई, आता कोनाच्या पाया पडाचं हाय, तेवढं सांगा." आमच्यापैकी कोणीही तिला काही सुचवले नव्हते. तिथे क्रूस नव्हता, तसबीर नव्हती, प्रार्थना झालेली नव्हती. तरीही फुकट मिळालेल्या वस्तूच्या बदल्यात काहीतरी करावे लागते, हे तिला तिच्या आयुष्याने शिकवले होते. कोणाच्याही पाया पडायचे नाही, असे मी तिला सांगितले. तिचा विश्वास बसला नाही. गाठोडे उचलण्याआधी तिने शाळेच्या भिंतीला हात लावून तो कपाळाला लावला.

आपल्या पहिल्या आक्षेपाचा विचार करताना मला ही म्हातारी आठवते. आमिष दाखवायला बोलावेच लागते असे नाही. देणारा उभा आहे आणि घेणारा वाकलेला आहे, एवढ्यानेच अर्धे काम होऊन जाते. म्हणून 'आम्ही धर्मप्रसार करीत नाही' एवढे सांगून धार्मिक संस्थेची जबाबदारी संपत नाही, असे माझे ठाम मत आहे. रेडक्रॉस आणि मदतसंस्थांनी 1994 मध्ये आपत्तीकाळासाठी दहा कलमांची आचारसंहिता तयार केली. मदत केवळ गरज पाहून द्यावी आणि ती कोणत्याही राजकीय किंवा धार्मिक मताच्या प्रसारासाठी वापरू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. संस्थेला स्वतःचे मत असण्याचा हक्क तिथे नाकारलेला नाही; घेणाऱ्याने ते मत मानले तरच मदत मिळेल, ही अट नाकारलेली आहे. आपल्याकडचा परदेशी देणग्यांचा कायदाही आमिषाने किंवा बळजबरीने धर्मांतर घडवल्याचा खटला असलेल्या संस्थेला नोंदणी देत नाही. त्या वाटपानंतर आम्ही आमच्यापुरते आणखी काही नियम केले. गाठोड्यावर संस्थेचे नाव घालायचे नाही. वाटप प्रार्थनामंदिरात किंवा त्याच्या आवारात करायचे नाही. पाळकांनी वाटपाच्या दिवशी त्या जागी थांबायचे नाही. या शेवटच्या नियमामुळे काही पाळक दुखावले, कारण पुराच्या रात्री आपल्या घरात शेजाऱ्यांना आसरा देणारे तेच होते. त्यांचे दुःख मला समजत होते, तरीही नियम बदलला नाही.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. गरीब माणूस चादरीसाठी आणि तांदळासाठी धर्म बदलतो, हे गृहीतच त्याचा अपमान करणारे आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लाखो माणसे बाबासाहेबांच्या मागे उभी राहिली, ती कोणाच्या धान्याच्या पोत्यासाठी नाही. त्यांतली कित्येक आपल्याच चंद्रपूर-भंडाऱ्याच्या खेड्यांतून भाकरी बांधून आली होती. ज्या भूमीने हे पाहिले, तिथे वाटपाच्या रांगेत श्रद्धेचा विषय काढणारा माणूस स्वतःच्या श्रद्धेलाही कमीपणा आणतो, असे मला एक ख्रिस्ती म्हणून वाटते.

आता यादीकडे येते. आपण पाटीकडे बोट दाखवले, पण माझ्या अनुभवात अन्याय घडतो तो यादीत. पाटी सर्वांना दिसते; यादी आदल्या रात्री कोणाच्या तरी ओट्यावर तयार होते. या बाबतीत आमच्याकडून चूक झालेली आहे आणि ती मी लेखात लिहिली नव्हती. एका गावात रस्ता बंद असल्याने आम्हाला आत जाता आले नाही, म्हणून तिथल्या ख्रिस्ती मंडळीतील एका विश्वासू गृहस्थांनी फोनवर सांगितलेली नावे आम्ही उतरवून घेतली. पोहोचल्यावर दिसले की यादीतली नऊ घरे उंचवट्यावरची होती; त्यांच्या अंगणातही पाणी आले नव्हते. नदीकडच्या टोकाला ढिवर या मासेमार समाजाच्या पाच झोपड्या वाहून गेल्या होत्या आणि त्यांतले एकही नाव यादीत नव्हते. त्या गृहस्थांनी लबाडी केली असे मी म्हणणार नाही. घाईत त्यांना आपली माणसे आठवली, जशी ती कोणालाही आठवतात. परंतु ती यादी मी मंजूर केली होती, त्यामुळे दोष माझा आहे. आम्ही ते वाटप थांबवले, दुसऱ्या दिवशी चावडीसमोर यादी मोठ्याने वाचली आणि लोकांसमोर दुरुस्त केली. त्या नऊ घरांपैकी काहींनी त्यानंतर आमच्याशी बोलणे सोडले.

त्यापुढे आम्ही भिंतीवरची गाळाची रेघ पाहून यादी करू लागलो. पाणी कुठवर चढले होते ते रेघ सांगते. तिला जात, धर्म किंवा पक्ष कळत नाही. त्यातही एक खोट निघाली. मातीची भिंतच विरघळून गेली होती तिथे रेघ कुठे शोधायची? जे सर्वांत जास्त बुडाले, तेच मोजमापातून निसटत होते. म्हणून घराघरांत जाताना आम्ही अंगणवाडीताईंना आणि आशाताईंना सोबत घेतले, कारण कोणत्या जागी कोणाचे घर होते हे त्यांना पाठ असते. सरकारी पंचनाम्यात निसटणारी माणसे वेगळी असतात. ग्रामपंचायतीच्या घरनोंदीत, म्हणजे नमुना आठवर, ज्याचे घर चढलेले नाही तो अतिक्रमणातला, आणि सातबारावर ज्याचे नाव नाही तो ठेक्याने धान करणारा. धान बुडते ठेक्याने कसणाऱ्याचे आणि भरपाई जाते मालकाच्या खात्यात, हे शेतकरीपुत्र म्हणून आपल्याला माहीत असेलच. आमच्यासारख्या संस्थेने आपली थोडी शक्ती या निसटलेल्यांवरच खर्च करावी, असा माझा आग्रह असे.

पगाराविषयी फार लिहिण्याची गरज मला वाटत नाही. होय, मी पगार घेत होते. हिशेब ठेवणे, निविदा मागवणे, तांदूळ निवडून घेणे, चुकीची यादी दुरुस्त करणे ही रोजची कामे आहेत आणि ती करणाऱ्याला घर चालवावे लागते. परदेशी देणगीतून प्रशासनावर किती खर्च करावा याची मर्यादा पूर्वी 50 टक्के होती. सप्टेंबर 2020 च्या दुरुस्तीने ती 20 टक्क्यांवर आली. ही मर्यादा घालण्याला माझा विरोध नाही. पण त्याच दुरुस्तीने एका संस्थेने दुसरीला परदेशी देणगीतील रक्कम देण्यावर बंदी आली, तीही पूर ओसरून महिना होत नाही तोच. नदीकाठच्या ज्या लहान स्थानिक मंडळांमार्फत आम्ही काम करीत होतो, त्यांना त्यानंतर आम्ही एक रुपयाही देऊ शकलो नाही. गावाजवळचे हात त्यामुळे रिकामे झाले आणि गाडीने येणाऱ्या आमच्यासारख्यांवरचा भार वाढला. आपला गाडीवरचा राग मी समजू शकते. त्या गाडीच्या फेऱ्या वाढण्याचे एक कारण हेही होते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड जातो, कारण तो बऱ्याच अंशी खरा आहे. पुरानंतर आम्ही दोन गावांत माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वीच्या जमीनदारीतल्या, तलावांच्या दुरुस्तीचे काम तीन वर्षांसाठी घेतले. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या खपून बांधलेले हे तलाव 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेल्यावर सरकारजमा झाले आणि बहुतेक ठिकाणी ते कोणाचेच राहिले नाहीत. गाळ साचला, बेशरम हे रानझुडूप माजले, पाळ म्हणजे तलावाचा बांध खचला. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही जेसीबी लावून तळ सपाट खरवडून काढला आणि गाळ शेतकऱ्यांना वाटला. शेतकरी खूष होते, आमचा अहवालही चांगला झाला. पावसाळ्यानंतर ढिवर बायांनी आम्हाला काठावर नेले आणि सांगितले की मासे अंडी घालतात ते गवत आम्ही गाळाबरोबर उपसून नेले, आणि उन्हाळ्यात मरळ मासा ज्या खोलगट जागी तग धरतो त्या जागाही बुजवल्या. आम्ही समितीच्या सभा शेतकऱ्यांच्या सोयीने संध्याकाळी घेत होतो, आणि ती वेळ या बायांची मासे विकून परतण्याची होती. पुढच्या वर्षी सभा दुपारी ठेवल्या. कुठे खणायचे आणि कुठे हात लावायचा नाही, हे मग त्यांनीच खुंट्या ठोकून दाखवले.

तीन वर्षांनी निधी संपला आणि आम्ही निघालो. तीन वर्षे हा देणगीदाराच्या वहीचा हिशेब आहे. तलावाला आणि गावाच्या भांडणांना त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. हे मी कार्यालयात प्रत्येक बैठकीत मांडले आणि प्रत्येक वेळी मुदत तीन वर्षांचीच राहिली.

त्या तलावांचे आज काय झाले, असे आपण प्रतिक्रियेच्या शेवटी विचारले आहे. पहिल्या गावात गेल्या पावसाळ्याआधी तुडूम, म्हणजे तलावाचे पाणी सोडण्याचे दार, फुटले, तेव्हा समितीने मासळीच्या पैशातून ते बसवून घेतले. पाणी सोडण्यासाठी पाणकर नेमला आहे आणि समितीची वही ढिवर समाजातील एका बाईंकडे असते; मी मार्चमध्ये गेले तेव्हा ती फेब्रुवारीपर्यंत लिहिलेली होती. दुसऱ्या गावात समितीची सभा दोन वर्षांत झालेली नाही, पाळीवर बेशरम पुन्हा आली आहे आणि आमचा फलक अजून उभा आहे. तो काढून टाकावा, असे पत्र मी संस्थेला दिले आहे.

आपली,
लेखिका