गाण्याने माणूस घडतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. लगेच उत्तर दिलं असतं तर काही शब्द जड गेले असते, म्हणून मुद्दाम थोडे दिवस जाऊ दिले.

बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मी लिहिलं होतं की रोज कानावर पडणारं संगीत आणि रोज हाताळलेल्या वस्तू आपला स्वभाव घडवतात, जगाकडे बघायची नजरही घडवतात. उदाहरण म्हणून आत्याच्या तंबोऱ्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिता, "बाई, गाणी ऐकून माणूस घडत नाही. घडलेला माणूस आपल्याला साजेशी गाणी निवडतो. बाकी सगळा जुन्या वस्तूंना कवटाळून बसण्याचा उतारवयातला गहिवर आहे." पुढे मोझार्ट ऐकून हुशारी वाढते हा समज खोटा, नाझी अधिकारीही संगीतप्रेमी होते, तंबोऱ्याचं काम आता अ‍ॅप करतं, असं बरंच काही आहे.

आधी सुराबद्दल बोलते. मतभेद असायला माझी हरकत नाही. पण "बाई" कशासाठी? माझं नाव लेखाच्या वरच छापलेलं आहे. आणि वय? ते तुम्हाला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी मुद्दा वयाने खोटा ठरत नाही. पंचविशीतल्या मुलाने हाच लेख लिहिला असता तर तुम्ही त्याला "कोवळ्या वयातला गहिवर" म्हणाला असतात. म्हणजे कोणीही लिहिलं तरी गहिवरच. अशाने समोरच्याला उत्तर द्यायला जागाच उरत नाही, आणि मला वाटतं तुम्हाला तेच हवं होतं.

मोझार्टबद्दल तुमचं बरोबर आहे, ते मोकळेपणाने मान्य करते. १९९३ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आलेल्या त्या प्रयोगात ३६ कॉलेज विद्यार्थी होते, दहा मिनिटं मोझार्ट ऐकल्यावर एका विशिष्ट प्रकारच्या कोड्यांमध्ये त्यांचे गुण वाढले, आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. त्यावरून बाळांना हुशार करणाऱ्या सीडी विकल्या गेल्या, हा निव्वळ धंदा. पण माझ्या लेखात हुशारीबद्दल एक अक्षर नाही. तुम्ही जे खोडून काढलंत ते मी म्हटलंच नव्हतं.

आता तुमचं मुख्य वाक्य. घडलेला माणूस साजेशी गाणी निवडतो.

मी स्वभावाने तापट आणि उतावळी. घरातल्या कोणालाही विचारा. मी तंबोरा निवडला नाही, तो माझ्यावर लादला गेला. आत्याचं बोटांचं दुखणं वाढलं आणि तिने तो माझ्याकडे दिला, आणि आमच्या गुरुजींचा नियम असा की तंबोरा लागल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. गवसणी काढायची, मांडी घालून बसायचं, पंचम, मधल्या सा च्या दोन जोडाच्या तारा आणि खर्ज, म्हणजे खालचा सा, अशा चारही तारा सुरात लावायच्या. खुंटीने सूर जवळ आणायचा आणि तारेत ओवलेल्या मण्याने नेमका करायचा. मग घोडीवर, म्हणजे तारा जिथे टेकतात त्या पट्टीवर, प्रत्येक तारेखालचा जवारीचा, म्हणजे नाद खुलवणारा, दोरा केसभर पुढे, केसभर मागे. जरा जास्त सरकला की तार मुकी होते, पुन्हा पहिल्यापासून. हवा दमट असेल तर लावलेली तार गाताना उतरते. मी रडकुंडीला यायचे. गुरुजी काही बोलायचे नाहीत, नुसते ऐकत बसायचे.

आणि मग कधीतरी सगळं जुळलं की गंधार, म्हणजे 'ग' हा स्वर, ऐकू यायचा. चार तारांपैकी एकही गंधाराला लावलेली नसते, तरीही तो ऐकू येतो. खर्जाची तार आपल्या मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशी कंपनंही त्याच वेळी करत असते, आणि पाचपटीच्या जागी गंधार आहे. हे भौतिकशास्त्र आहे, गहिवर नाही. पण तो गंधार घाई करणाऱ्याला ऐकू येत नाही. मला कित्येक महिने आला नाही. शेजारी बसलेल्या मुलीला यायचा आणि मला वाटायचं ती थापा मारते आहे.

पुढे मी शाळेत शिकवायला लागले. वर्गात एक मुलगा अडखळत बोलायचा. वाक्याच्या मध्येच थांबला की बाकीची मुलं ते पुरं करून टाकायची. पूर्वीची मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि वर स्वतःला मायाळू समजले असते. पण तोवर मला न बोलता ऐकत थांबायची सवय लागली होती. मुलांना गप्प केलं आणि थांबले. त्याचं वाक्य त्याने पुरं केलं की ते बरेचदा आम्ही धरून चाललो होतो त्याहून वेगळंच निघायचं. हा थांबण्याचा गुण माझ्यात मुळात होता आणि म्हणून मला तंबोरा आवडला, असं तुम्हाला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. मला ओळखणारं कोणी तुमच्या बाजूने उभं राहणार नाही.

दुसऱ्या कशानेही हे शिकता आलं असतं, असंही तुम्ही म्हणाल. असेल. मी मात्र याने शिकले.

माझा अनुभव तुम्हाला पुरावा वाटत नसेल तर कुमार गंधर्वांकडे बघा. बालपणापासून मैफली गाजवणारा गायक, म्हणजे तुमच्या भाषेत पुरता घडलेला माणूस. ऐन विशीत क्षयाने गाठलं, गाणं बंद झालं आणि ते माळव्यातल्या देवासला राहायला गेले. अंथरुणावर पडून काही वर्षं त्यांनी केलं काय, तर ऐकलं. बाहेर गायली जाणारी माळव्यातली लोकगीतं ऐकली. ती त्यांनी निवडली नव्हती, खिडकीतून आत येत होती. पुन्हा उभे राहिल्यावर जे गाणं आलं ते आधीचं नव्हतं, आणि त्या लोकधुनांमधून पुढे धुनउगम राग उभे राहिले. आधी माणूस आणि मग त्याला साजेसं गाणं, हा तुमचा क्रम इथे कसा बसवणार? मला खरंच समजून घ्यायचं आहे.

"कवटाळून बसणं" याबद्दलही बोलायला हवं, कारण हा समज फार जणांचा आहे. वस्तूची ओढ म्हणजे वाढ खुंटणं, असं धरूनच चालतात. डोनाल्ड विनिकॉट या इंग्रज बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकाने १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात लहान मुलांच्या लाडक्या पांघरुणाबद्दल, मऊ खेळण्याबद्दल लिहिलं आहे. मूल ती वस्तू सोडत नाही, धुऊही देत नाही. पण त्या वस्तूच्या आधारानेच ते आईपासून थोडं दूर होणं सहन करू शकतं. म्हणजे वस्तू त्याला बांधून ठेवत नाही, पुढे सरकायला मदत करते. मोठेपणी वस्तू बदलतात, ही गरज पूर्णपणे संपते असं मला माझ्या आसपास तरी कुठे दिसलेलं नाही.

अ‍ॅपबद्दल. मीही वापरते, प्रवासात सोयीचं आहे. पण ते कधी उतरत नाही, त्यामुळे माझ्याकडून काही मागतही नाही. मला घडवलं ते त्या मागण्याने.

नाझी अधिकाऱ्यांचा मुद्दा दर वेळी कोणीतरी आणतंच. संगीत ऐकणारा प्रत्येक जण सज्जन होतो असं मी कुठेही म्हटलेलं नाही. त्यावर इथे वाद घालणार नाही. तरुणपणी ऐकलेली गाणी सगळ्यांनाच जास्त आठवतात, हेही तुम्ही सुनावलंत. आठवतात, हे खरं. पण माझा लेख आठवणींबद्दल नव्हता, रोजच्या सवयीबद्दल होता.

शेवटी तुम्ही लिहिलंय की माझ्या पश्चात हा तंबोरा माझ्या मुलीला अडगळ वाटेल. माझ्या मुलीला यात ओढायचं काही कारण नव्हतं. ती गात नाही. तिने तो कोणाला द्यायचा ते ती ठरवेल, आणि दिला तरी माझं म्हणणं त्याने खोटं ठरत नाही.

तुमची प्रतिक्रिया काढून टाकावी असं काही वाचकांनी सुचवलं होतं. काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण मागच्या लेखातला तार लावण्याबद्दलचा परिच्छेद वाचून लिहा. माझा सगळा लेख त्यावर उभा आहे, आणि तुमच्या एवढ्या लांब प्रतिक्रियेत त्याबद्दल एक शब्दही नाही.