ठासणीच्या बंदुकीला परवाना लागतोच

भात पोटरीला आलं की कोकणातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. "शेतकरी बांधवांनो, ठासणीच्या बंदुकीला लायसन लागत नाही, ती जुनी वस्तू धरतात. वडिलोपार्जित असेल तर बिनधास्त वापरा. बंदुकीत भरायची दारू कुठलीही चालते. डुक्कर मारायला आता मोकळीक आहे आणि मटणही आपलंच."

आमच्या घरात आजोबांपासून राखणीची अशीच बंदूक होती, नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची. डुकरांनी एका रात्रीत लोळवलेला भाताचा कुणगा सकाळी बघताना पोटात काय होतं, ते मला कोणी सांगायला नको. म्हणूनच या मेसेजचा राग येतो. आधीच नुकसानीत असलेल्या माणसाला तो सरळ कोठडीच्या दारात नेऊन उभा करतो.

पहिलं वाक्यच खोटं आहे. शस्त्र अधिनियम, 1959 प्रमाणे स्फोटकाच्या जोरावर गोळी किंवा छर्रे फेकणारं हत्यार म्हणजे बंदूक. ती पुढून भरा की मागून, कलम 3 प्रमाणे परवाना हवाच. गंमत म्हणून नव्हे, मुद्दाम सांगतो, की याच कायद्याच्या कलम 13 मध्ये ठासणीच्या बंदुकीचा नाव घेऊन उल्लेख आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी नागरिकाने अर्ज केला, तर नकाराचं कायदेशीर कारण नसताना तिचा परवाना द्यावा, असं तिथे म्हटलं आहे. तिने भागत नसेल तर दुसऱ्या बिनआट्याच्या, म्हणजे आतून गुळगुळीत नळीच्या बंदुकीचीही सोय आहे. शेतकऱ्यासाठी ठेवलेली ही वाट सोडून बिनपरवाना बंदुकीसह सापडलात, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा 2 ते 5 वर्षं कैद आणि वर दंड.

मग हा समज आला कुठून? मला दोन उगम दिसतात. एक कर्नाटकातला कोडगू जिल्हा. तिथल्या कोडव समाजाला आणि जम्मा (वंशपरंपरेने चालत आलेल्या) जमिनीच्या धारकांना परवान्यातून खास सूट आहे. केंद्राने 2019 मध्ये ती 2029 पर्यंत वाढवली. ती त्यांची सूट आहे, सिंधुदुर्गातल्या किंवा रत्नागिरीतल्या माणसाला ती लागू नाही. दुसरा उगम अमेरिकेतले व्हिडिओ. तिथल्या 1968 च्या संघीय कायद्यात काळ्या दारूची, तयार काडतूस न घेणारी ठासणीची बंदूक बहुतांशी 'अँटिक' म्हणून वगळली आहे. तो नियम तिथला. आपल्याकडे कलम 45 मधली सूट फक्त अशा जुन्या हत्याराला आहे, जे दुरुस्त करूनही उडू शकत नाही. भिंतीवरची बंदूक केप (ठिणगी पाडणारी छोटी टोपी) लावल्यावर उडत असेल, तर ती कायद्याच्या लेखी बंदूकच.

वारशाचंही तसंच. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. आजोबा गेले तेव्हा वडिलांनी सुतकाचे दिवस संपताच बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली आणि मग आपल्या नावाचा अर्ज केला. कलम 21 हेच सांगतं: बाळगण्याचा हक्क संपला की विनाविलंब जमा करा.

आता दारू. इथे कायद्याआधी जिवाचा प्रश्न आहे. ही बंदूक सोरा, कोळसा आणि गंधक यांच्या काळ्या दारूसाठी घडवलेली असते. आजोबा मापाने दारू ओतायचे, नारळाच्या सोडणाचा बोळा गजाने ठासायचे, मग छर्रे, वर पुन्हा बोळा, आणि केप अगदी शेवटी, नळी माणसांपासून लांब वळवून. माप कधी अंदाजाने घेतलं नाही. काडतूस फोडून काढलेली बिनधुराची दारू त्याच मापाने ओतली, तर दाब कितीतरी पटीने चढतो आणि जुनी लोखंडी नळी चापाजवळच फाटते. तिथेच आपला चेहरा आणि डावा हात असतो. सुतळी बॉम्बची दारू त्याहून वाईट. तिच्यात ॲल्युमिनियमची भुकटी असते, ती नुसती जळत नाही, फुटते. ज्या अमेरिकेचे दाखले देतात, तिथेही 'कुठलीही दारू' चालत नाही. कोलोरॅडो राज्यात ठासणीच्या बंदुकीच्या हंगामात फक्त सुटी काळी दारू किंवा तिचा मान्य पर्याय चालतो. बिनधुराच्या दारूला आणि दारूच्या तयार वड्यांना मनाई आहे. आपल्याकडे दारूगोळा किती बाळगायचा तेही परवान्यावर लिहिलेलं असतं.

डुकराची 'मोकळीक' ही अर्धवट ऐकलेली गोष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या 2022 मधल्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची 2 मध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर कलम 11 खाली ते मारायची परवानगी मिळू शकते, पण ती लेखी आणि अधिकृत अधिकाऱ्याकडून. नुकसानीचे फोटो काढा, पंचनामा करून घ्या, अर्ज करा. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. दोन्ही कागद वेगवेगळे लागतात. गवा आणि मोर तर अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात. पीक खाल्लं एवढ्या कारणावर त्यांच्यावर बंदूक रोखता येत नाही. आणि नेम चुकला तरी सुटका नाही, कारण मारण्याचा प्रयत्नही कायद्यात शिकारच आहे.

राहिलं मटण. परवानगी घेऊन मारलेलं डुक्करही कलम 39 प्रमाणे सरकारची मालमत्ता होतं, आणि ताब्यात आल्यापासून 48 तासांच्या आत वन खात्याला किंवा पोलिसांना कळवावं लागतं. वाडीत वाटे घालून ते संपवलं, तर रीतसर परवानगी घेतलेला शेतकरीही त्या वाट्यांपायी आरोपी होतो.