रिपोर्ट लिहिला, पुढे काय झालं?

छातीचा एक्स-रे. ६२ वर्षांच्या बाई, जिन्यावरून पडल्या म्हणून इमर्जन्सीत आलेल्या. उजवीकडच्या दोन बरगड्या मोडल्याचं स्पष्ट दिसत होतं आणि रिपोर्टमध्ये ते व्यवस्थित लिहिलंही होतं. डावीकडे वरच्या टोकाला, क्लॅव्हिकल (गळ्याखालचं आडवं हाड) आणि पहिली बरगडी जिथे एकमेकींवर येतात, तिथे १२ मिलिमीटरची पुसट सावली होती. तिच्याबद्दल रिपोर्टमध्ये अवाक्षर नव्हतं. अकरा महिन्यांनी त्याच बाईंचा सीटी झाला तेव्हा तिथे अडीच सेंटिमीटरची गाठ होती.

मी इंग्लंडमध्ये रेडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे एक्स-रे आणि सीटी वाचून रिपोर्ट लिहिणारा डॉक्टर. ही फिल्म आमच्या विभागाच्या मासिक बैठकीत पडद्यावर आली. पेशंटचं नाव झाकलेलं, रिपोर्ट लिहिणाऱ्याचंही. पण रिपोर्टची भाषा मी ओळखली. 'इतरत्र फुप्फुसं स्वच्छ' असं त्याच शब्दांत लिहायची सवय आमच्यात एकट्या मलाच आहे.

इंग्लंडमधल्या रेडिओलॉजी विभागांत अशा बैठका नियमित होतात. पूर्वी त्यांना 'डिस्क्रिपन्सी मीटिंग' म्हणत, आता नाव बदलून 'इव्हेंट्स अँड लर्निंग मीटिंग' झालंय. आमच्याकडे आधी प्रत्येकाने फिल्म पाहून आपलं मत कागदावर लिहायचं, मग उत्तर सांगतात. त्या दिवशी खोलीत चौदा जण होतो आणि पाच जणांना ती सावली दिसली नाही. इथे काहीतरी चुकलंय हे माहीत असूनही. मग चर्चा झाली ती डोळ्याच्या सवयीवर. एक गोष्ट सापडली की शोध आपोआप सैल पडतो, मोडलेल्या बरगड्या दिसल्या की नजर समाधान मानते. कोणी आवाज चढवला नाही. बाईंना मात्र सगळं सांगितलं गेलं, कारण २०१४ पासून इथल्या सरकारी रुग्णालयांवर ते कायद्याने बंधनकारक आहे. त्यांचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून मी प्रत्येक छातीच्या फिल्मवर दोन्ही वरची टोकं शेवटी पुन्हा एकदा, वेगळी म्हणून बघतो.

हे आज लिहायचं कारण म्हणजे आमच्या एमबीबीएसच्या बॅचच्या ग्रुपवर पेटलेला वाद. विषय जुनाच: एमडी-एमएस या पदव्युत्तर पदव्यांसाठी लिहावा लागणारा थिसिस (प्रबंध) बंद करावा का? एका सरकारी कॉलेजात प्राध्यापक असलेल्या मित्राने लिहिलं, "ओपीडीत दोनशे पेशंट ताटकळतायत आणि पोरगं एसपीएसएसमध्ये आकडे भरतंय. कोणासाठी?" (एसपीएसएस म्हणजे आकडेवारीचं सॉफ्टवेअर.) दुसऱ्या बाजूने उत्तर आलं की संशोधन नाही म्हणूनच आपण मागे आहोत, उलट सक्ती वाढवा. मेडिकल कौन्सिलने, आणि २०२० मध्ये तिच्या जागी आलेल्या नॅशनल मेडिकल कमिशननेही, प्राध्यापकांच्या बढतीसाठी शोधनिबंध बंधनकारक ठेवले आहेतच. त्यातून पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांची कशी चंगळ झाली हे ग्रुपवरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. २००५ ते २०१४ या काळातल्या ५७९ भारतीय वैद्यकीय संस्थांचा हिशेब मांडणारा एक लेख २०१६ मध्ये आला होता. ३३२ संस्थांच्या नावावर दहा वर्षांत एकही शोधनिबंध सापडला नव्हता.

मला या वादात दोन्ही बाजूंचं पटत नाही. दोघांच्याही डोळ्यांपुढे संशोधन म्हणजे तोच काळ्या बाइंडिंगचा, सोनेरी अक्षरांचा ग्रंथ आहे. एकाला तो जाळायचाय, दुसऱ्याला आणखी जाड करायचाय. मी म्हणतो ते संशोधन याहून फार साधं आहे: मी जे निदान केलं ते खरं निघालं का, हे शोधून काढणं आणि मोजणं.

माझ्या थिसिसमध्ये ६० केसेस होत्या. गाईड सरांनी विषय दिला, मी तो मान खाली घालून पूर्ण केला, विद्यापीठाने तो मंजूर केला. त्या तीन वर्षांत मी हजारो फिल्म वाचल्या. त्यातल्या किती बरोबर वाचल्या हे मला आजही सांगता येणार नाही. वाचून झालेली फिल्म मोठ्या पाकिटात घालून आम्ही पेशंटच्या हातात द्यायचो आणि ती त्याच्याबरोबर निघून जायची. पुढे त्याची बायोप्सी झाली का, दुसऱ्या रुग्णालयात वेगळंच काही निघालं का, तो वाचला का, काही कळायचं नाही. सर मात्र कधीकधी म्हणायचे, "माझी नजर सहसा चुकत नाही." सर खरोखर हुशार होते. पण नजर चुकली की नाही हे त्यांनाही कळायला मार्ग नव्हता.

माणसाची नजर किती चुकते याचे आकडे जुने आहेत. अमेरिकन रेडिओलॉजिस्ट गार्लंड यांनी १९४९ मध्ये दाखवून दिलं की छातीच्या ज्या फिल्मवर खरोखर दोष आहे, त्यातल्या जवळपास ३० टक्के जाणकारांच्याही नजरेतून सुटतात. २०१३ मध्ये तर संशोधकांनी फुप्फुसाच्या सीटीमध्ये चक्क गोरिलाचं चित्र घातलं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं. २४ पैकी २० रेडिओलॉजिस्टना ते दिसलं नाही. ते गाठी शोधत होते, गोरिला नव्हे. रेडिओलॉजिस्टच कशाला, १८१६ मध्ये स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लाएनेकने छातीत ऐकलेल्या प्रत्येक आवाजाचा अर्थ शवविच्छेदनाच्या टेबलावर पडताळून पाहिला. म्हणून तर त्या आवाजांना अर्थ आला. आपल्याकडे पोस्टमॉर्टेम म्हणजे पोलीस केस एवढंच समीकरण उरलंय. आणि हे कबूल करायला हवं की निदान तपासण्यासाठी होणारं शवविच्छेदन इंग्लंडमधूनही जवळजवळ हद्दपार झालंय.

न मोजण्याची किंमत आपण मोजली आहे. मी रेसिडेंट (रुग्णालयात काम करत एमडी शिकणारा डॉक्टर) असताना रक्ताच्या तपासणीवरून टीबीचं निदान सर्रास व्हायचं. 'आयजीजी, आयजीएम पॉझिटिव्ह' (म्हणजे रक्तात टीबीविरुद्धची प्रतिपिंडं सापडली) असा छापील कागद घेऊन लोक यायचे आणि त्या कागदावर सहा-सहा महिन्यांची औषधं सुरू व्हायची. ज्याला टीबी नाही तो औषधं खात होता, ज्याला आहे त्याला 'निगेटिव्ह' म्हणून घरी पाठवलं जात होतं. कागद छापील होता, त्यावर आकडा होता, म्हणून कोणी शंका घेतली नाही. मीही नाही. जगभरातले अभ्यास एकत्र करून ही चाचणी तपासली गेली तेव्हा ती बिनकामाची निघाली. जुलै २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती वापरू नका असं सांगितलं. टीबीच्या बाबतीत सर्रास वापरातल्या एखाद्या पद्धतीविरुद्ध त्यांनी अशी उघड शिफारस करण्याची ती पहिलीच वेळ. २०१२ मध्ये भारत सरकारने बंदी घातली. त्याआधीच्या वर्षांत कुठल्याही एका मोठ्या कॉलेजातल्या रेसिडेंटांनी अशा 'पॉझिटिव्ह' दोनशे पेशंटांच्या थुंकीचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) करून पाहिलं असतं, तरी हे आधीच उघड झालं असतं. तो थिसिस झाला असता.

भारतात हे जमत नाही असं कोणी म्हणालं तर मी भांडतो. थुंकीतल्या टीबीच्या जंतूचा डीएनए ओळखून निदानात क्रांती करणारी जीनएक्सपर्ट चाचणी २०१० मध्ये ज्या १,७३० रुग्णांवर पारखली गेली, ते पेरू, अझरबैजान, दक्षिण आफ्रिका आणि भारतातले होते, आणि भारतातलं केंद्र मुंबईत होतं. मला त्याहून मोलाचा वाटतो तो दिल्लीतला अभ्यास, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला. संशोधकांनी साध्या माणसांना टीबीच्या रुग्णाची भूमिका शिकवली आणि आधी संमती दिलेल्या खासगी डॉक्टरांकडे त्यांना पाठवलं. कोणता पेशंट खरा, कोणता शिकवलेला, हे डॉक्टरांना माहीत नव्हतं. २५० भेटींपैकी फक्त ५२ वेळा, म्हणजे २१ टक्के, रुग्णाला योग्य वाट दाखवली गेली. हा आकडा डॉक्टरांच्या अज्ञानाचा नाही. तशीच केस कागदावर दिली तेव्हा उत्तरं कितीतरी चांगली आली. ज्ञान होतं, समोर खोकणारा माणूस बसल्यावर ते हाताशी आलं नाही.

शिक्षणाचा खरा प्रश्न इथे आहे. आपल्या परीक्षेत लाँग केस असते. विद्यार्थी पेशंटजवळ बसून माहिती काढतो तेव्हा परीक्षक दुसरीकडे असतात, नंतर येऊन ते फक्त त्याने मांडलेलं ऐकतात. पेशंटशी तो काय बोलला, हात कुठे ठेवला, काय विचारायचं विसरला, कोणी पाहिलेलं नसतं. स्कॉटलंडमधल्या डंडीमध्ये रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये स्टेशनांची (एकामागून एक ठरलेल्या छोट्या कामांची) परीक्षा मांडली ती नेमकी यासाठी: परीक्षकाने प्रत्यक्ष काम बघायचं. इथे येताना मँचेस्टरला मी तशी परीक्षा दिली. आठ मिनिटांचं एकेक स्टेशन, समोर पेशंटची भूमिका करणारी व्यक्ती. एका स्टेशनवर मी अचूक निदान सांगितलं आणि त्या बाईंच्या हातातल्या गोळ्यांच्या पाकिटाकडे माझं लक्षच गेलं नाही. बाहेर आल्यावर आठवलं. एमडी होईपर्यंत माझी अशी चूक कोणी पकडली नव्हती, कारण कोणी पाहिलंच नव्हतं. नव्या अभ्यासक्रमात २०१९ पासून स्किल लॅबवर भर आहे, ते चांगलंच आहे, पण कुलूपबंद खोलीतल्या प्लास्टिकच्या पुतळ्यांनी हे काम होत नाही. त्या खोलीत शिकवणाऱ्याचे दोन तास लागतात.

कोविडच्या काळातली एक गोष्ट मला अजून छळते. बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा देऊन फायदा होतो का, याचं उत्तर आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर चाचणी करून काढलं: होत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये ते प्रसिद्धही झालं. ब्रिटनच्या गाजलेल्या रिकव्हरी चाचणीने हेच सांगितलं ते जानेवारी २०२१ मध्ये, दहा हजारांहून जास्त रुग्णांवर. आपलं उत्तर आधी आलं होतं. तरी एप्रिल २०२१ मध्ये माझ्या फोनवर ओळखीच्यांचे मेसेज येत होते, 'प्लाझ्मा कुठे मिळेल?', आणि डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देत होते. राष्ट्रीय मार्गदर्शिकेतून प्लाझ्मा काढला गेला तो मे महिन्यात. इतक्या घाईगर्दीत इतकं चोख काम आपल्याच लोकांनी केलं होतं आणि आपणच त्यावर विश्वास ठेवला नाही. स्वतःचं निदान कधी तपासून न पाहिलेल्या डॉक्टरला चाचणीचा निकाल म्हणजे कुठल्यातरी लांबच्या लोकांचा कागद वाटतो, असं माझं मत आहे.

इथलं सगळं गोड आहे असं नाही. रॉयल कॉलेज ऑफ रेडिओलॉजिस्ट्सच्या २०२३ च्या गणनेत रेडिओलॉजिस्टांचा ३० टक्के तुटवडा दिसला. जो सीटी भारतात त्याच दिवशी होतो त्यासाठी इथे माणसं आठवडे थांबतात, आणि त्या थांबण्यात काहींचा आजार पुढे जातो. आपला रेसिडेंट एका रात्रीत जेवढं बघतो तेवढं इथल्याला बघायला महिना लागेल. हाताची सफाई आपल्या पोरांकडे जास्त आहे, हे मी इथल्या सहकाऱ्यांनाही सांगतो. इथे फरक पडतो तो एका क्रमांकाने. प्रत्येक माणसाला एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, आयुष्यभराचा एक क्रमांक असतो. तो टाकला की माझ्या रिपोर्टनंतर काय झालं ते दिसतं. ती ६२ वर्षांची बाई माझ्याकडे परत आली ती त्या क्रमांकामुळेच. आपल्याकडे आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा आभा हा आरोग्य-ओळख क्रमांक २०२१ पासून देशभर आला, पण ओपीडीतल्या खिडकीवर त्याचा उपयोग रांग लवकर हलवण्यापुरता राहू नये.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की थिसिस ठेवा, पण विषय बदला. प्रत्येक रेसिडेंटने स्वतःच्या सलग शंभर निदानांचा माग काढावा. मित्राने लगेच विचारलं, "माग कसा काढणार? पेशंट पुन्हा येतो कुठे?" मी म्हटलं, फोन नंबर तर केसपेपरवर असतोच.

त्याने एका मुलीला ते काम दिलं. तिने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. तीन रकाने: नोंदणी क्रमांक, मला काय वाटलं, काय निघालं. पहिल्या चाळीस नोंदींत तिसरा रकाना सतरा ठिकाणी भरलाय. त्यात चार ठिकाणी लाल पेनाने लिहिलंय. बाकी तेवीस जणांचे फोन लागत नाहीत किंवा कोणी उचलत नाही. ती संध्याकाळी सात ते आठ फोन करते, स्वतःच्या मोबाइलवरून. मित्र आता डीन मॅडमकडे तिच्यासाठी विभागाचा एक फोन आणि आठवड्याचे दोन तास मागतोय.