खारीचा पुडा

परवा स्टाफरूममध्ये मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठेना. आमच्यातल्या एका सरांनी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राजकीय फॉरवर्ड टाकलं, एका पालकांनी तिथंच तिखट उत्तर दिलं आणि प्रकरण मुख्याध्यापकांच्या टेबलावर गेलं. स्टाफरूमचं लगेच एकमत झालं: शिक्षकानं आपली मतं घरी ठेवून यावं.

हे म्हणणाऱ्यांत एक सर होते, जे दहावीच्या मुलांकडून बोर्डाच्या परीक्षेआधी अथर्वशीर्षाची आवर्तनं करून घेतात. एक मॅडम होत्या, ज्या टिकली न लावता आलेल्या मुलीला भर वर्गात "घरी काही झालंय का गं?" असं विचारतात. आणि मी होते. मी विज्ञान शिकवते, देवबिव मानत नाही. त्यामुळे माझं असतं ते मत नव्हे, सत्यच, असा माझा बरीच वर्षं समज होता.

मी त्या वादात तोंड उघडलं नाही. मला २६ डिसेंबर २०१९ ची सकाळ आठवत होती.

त्या दिवशी सूर्यग्रहण होतं. केरळ-तमिळनाडूत कंकणाकृती, आपल्याकडे खंडग्रास, आठपासून अकराच्या आतबाहेर. वार गुरुवार, तोही मार्गशीर्षातला शेवटचा. मुख्याध्यापकांच्या मागे लागून मी नववीची मुलं लवकर बोलावली होती. ग्रहणाचे चष्मे आणले होते. पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडून सूर्याची प्रतिमा भिंतीवर घेतली. ढग मधेमधे आड येत होते. पण एकदा ऊन स्वच्छ पडलं आणि मैदानातल्या कडुलिंबाखाली, पानापानांतल्या फटींतून, मातीवर शेकडो चंद्रकोरी उमटल्या. पोरं त्या कोरींवर पाय पडू नये म्हणून टाचा उचलून चालायला लागली. बावीस वर्षांच्या नोकरीत इतका चांगला तास मी दुसरा घेतलेला नाही.

मग मी पिशवीतून खारीचा पुडा काढला.

ग्रहणात खाल्लं तर काही होत नाही, हे दाखवायचं होतं. "एकेक घ्या आणि माझ्यासमोर खा," असं मी म्हणाले. पोरांना काय, मजाच. पहिल्या बाकावरची एक मुलगी मात्र हळूच म्हणाली, "मॅडम, ग्रहण बघितलं ना मी. खारी नको." का गं? तर आईला सातवा महिना होता आणि घरातून कोणी काही खाणार नाही असा शब्द आजीनं घेतला होता. ग्रहण बघायला येण्यासाठीच ती आजीशी भांडून आली होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी वर्गाकडे वळून म्हणाले, "बघा, पुस्तक तोंडपाठ आणि डोक्यात राहू-केतू!"

वर्ग हसला. तिनं खारी घेतली, हातात धरून ठेवली. दुपारी ती खारी मला खिडकीच्या कट्ट्यावर सापडली, मुंग्या लागलेली.

पुढच्या आठवड्यात ग्रहणावर छोटी चाचणी घेतली. प्रच्छाया, उपच्छाया, पट्टीनं आखलेले किरण, वर्गात सगळ्यांत नीट आकृती तिची होती. म्हणजे जे शिकवायचं होतं ते तिला आलं होतं, माझ्या खारीशिवाय आलं होतं. फक्त मार्चमध्ये कोविडनं शाळा बंद पडेपर्यंत तिनं माझ्या तासाला पुन्हा एकदाही हात वर केला नाही. त्याआधी प्रत्येक प्रश्नाला तिचा हात वर असायचा.

ग्रहण का लागतं, हे काही माझं वैयक्तिक मत नाही; ते शिकवायचा मला पगार मिळतो. पण आजीला दिलेला शब्द सगळ्यांदेखत मोडून दाखव, हा हट्ट माझा होता. तो पाठ्यपुस्तकात नव्हता. त्या सकाळी अथर्वशीर्षवाल्या सरांत आणि माझ्यात फरक एवढाच की ते प्रसाद वाटतात, मी खारी वाटली.

काही मित्र लगेच म्हणतील की वैज्ञानिक दृष्टिकोन हे तर संविधानातलं कर्तव्य आहे, कलम ५१-क, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं आलेलं. मान्य. म्हणूनच मुलांना मैदानात उभं केल्याचा मला काडीचाही पश्चात्ताप नाही आणि पुन्हा उभं करणार. दहावीला विज्ञान भाग दोनचा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. तो शिकवताना "काही लोक असं मानतात" अशी पळवाट मी काढत नाही. एखाद्यानं घरी वेगळं ऐकलं असेल तर त्यानं जरूर विचारावं, मी जीवाश्मांपासून सुरुवात करीन. पण मनात प्रश्न उठायची जी सवय लावायची, ती पोराची फजिती करून कशी लागणार? फजितीनं लागते ती गप्प बसायची सवय.

आणि आम्ही विसरतो की आमच्या हातात काय असतं. दहावीला विज्ञानाचे ८० गुण लेखी परीक्षेचे, २० प्रात्यक्षिकाचे, आणि ते २० आमच्या पेनातून उतरतात. पोरं हा हिशेब आठवीपासून ओळखून असतात. कीर्तन आवडलं नाही तर माणूस उठून जातो, टीव्हीवरचा माणूस आवडला नाही तर चॅनेल बदलतो. माझ्या तासाला बसलेलं पोर कुठं जाईल? त्यामुळे "मी कुठं जबरदस्ती केली, मी तर फक्त माझं मत सांगितलं," हे वाक्य शिक्षकाच्या तोंडी फारसं खरं नसतं.

संविधान लिहिणाऱ्यांना हे बरोबर कळलं होतं. कलम २८ म्हणतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, आणि आमच्यासारख्या मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्यात सामील व्हायला लावता येणार नाही. धर्मांविषयी शिकवायला मात्र बंदी नाही. तुकोबा, बसवेश्वर, बुद्ध न शिकवता महाराष्ट्राचा इतिहास काय शिकवणार, कपाळ? पुढं १९८६ मध्ये केरळमधल्या तीन भावंडांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. राष्ट्रगीताला ती आदरानं उभी राहत, पण त्यांच्या पंथाच्या श्रद्धेमुळे गात नसत, म्हणून शाळेनं त्यांना काढलं होतं. न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं. आणि हे फक्त मुलांपुरतं नाही. नाशिकच्या एका शिक्षकानं प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून त्यांची वरची वेतनश्रेणी अडली होती. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की अशी सक्ती करता येणार नाही. ही बातमी मी स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचली होती, अगदी विजयी मुद्रेनं. मुलीच्या हातात खारी देताना ती काही आठवली नाही.

आता दुसरी बाजू, कारण "मतं घरी ठेवा" हेही मला पटत नाही. १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवणं हेच सावित्रीबाईंचं मत होतं. ते घरी ठेवलं असतं तर मी आज फळ्यापुढं नसते. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत सहा वर्षं होते आणि त्यांच्या शिकवण्यातून त्यांचं मन वेगळं काढता येईल असं कोणी म्हणणार नाही. पण १९३० मध्ये सत्याग्रहात उतरायचं ठरल्यावर त्यांनी आधी नोकरीचा राजीनामा दिला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे नोकरी राखून, हजेरीपटावर सही करून झेंडा धरायची पद्धत आहे.

शिवाय मत काही बोलण्यातूनच येतं असं नाही. ते गाळण्यातूनही येतं, आणि त्याची तक्रार कधी कोणी मुख्याध्यापकांकडे करत नाही. त्याच दहावीच्या पुस्तकात पुढं प्रजनन संस्थेचा धडा आहे, त्यात मासिक पाळी आहे. किती शाळांत हा धडा "घरी वाचून या" या तीन शब्दांत उरकतो, हे शिक्षकांना विचारू नका, मुलींना विचारा. एक सर मला म्हणाले होते, "मॅडम, संस्कार म्हणून काही आहे की नाही?" म्हणजे झालं की नाही त्यांचं मत वर्गात आणून? तोंडातून शब्दही न काढता. मी त्यांच्या वर्गावर जाऊन तो धडा घेतला, मुलंमुली एकत्र बसवून. पहिली दहा मिनिटं खिदळण्यात गेली, मग शेवटच्या बाकावरून एकानं विचारलं, "बहिणीचं पोट दुखतं तेव्हा काय द्यायचं?"

२०२४ मध्ये विधानसभेच्या मतदानानंतर पोरांनी माझ्या बोटावरची शाई बघून विचारलं होतं, "मॅडम, कुणाला दिलं?" मी म्हटलं, "ते मी आमच्या ह्यांनाही सांगत नाही." मग गुप्त मतदान कशासाठी असतं, मतदान यंत्राभोवती पुठ्ठ्याचा आडोसा का लावतात, यावर तास रंगला. एका पोराला तरीही राहवेना. "पण तुमचं काहीतरी मत असेलच ना?" आहे की. तू शाळा सोडून गेलास, माझ्या हातात तुझे गुण उरले नाहीत, की चहाला ये, पोटभर भांडू. त्यानं तारीख विचारून घेतली. तो येईल असं वाटतंय.

ती मुलगी कधी आली नाही. दहावीनंतर तिनं तालुक्याच्या कॉलेजात सायन्सला प्रवेश घेतला एवढं कानावर आलं. तिला फोन करून माफी मागावी असं अनेकदा मनात आलं, नंबरही आहे, पण एवढ्या वर्षांनी एका खारीसाठी फोन आलेला बघून ती काय समजेल, म्हणून राहिलं. खरं तर राहिलं नाही, मी टाळलं.

पुढचं मोठं ग्रहण २ ऑगस्ट २०२७ ला आहे. सोमवार, शाळेचाच दिवस, दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास. आषाढातली दिव्यांची अवस आहे, पाऊस असणारच, त्यामुळे सूर्य दिसेल याची खात्री नाही. चष्मे कपाटात जपून ठेवलेत, नीट आहेत का ते एकदा तपासायला हवेत. खारीचा पुडा या वेळीही नेणार आहे. पण तो टेबलाच्या कडेला, उघडून ठेवणार, आणि मी पोरांबरोबर बाहेर मैदानात असेन.