दोन हातांवरचा उपग्रह

आमचं ॲप खराब नेटवर अडकतं, अशी तक्रार आली. माझ्या लॅपटॉपवर तर ते भिंगरीसारखं पळत होतं. मग नेट मुद्दाम बिघडवून बघणं आलं. त्यासाठी खास सोय असते हे मला तोवर ठाऊक नव्हतं. माझं आपलं आपोआप बिघडायचं.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये या कामाच्या कमांडचं नाव टीसी. म्हणजे ट्रॅफिक कंट्रोल, पण नाव वाचताच माझा हात सवयीनं तिकिटासाठी खिशात गेला. तिच्या हाताखाली नेटेम नावाचा इसम असतो. तो बाहेर जाणारं प्रत्येक पॅकेट, म्हणजे माहितीचं गाठोडं, दाराशी अडवतो, सांगू तेवढा वेळ ताटकळत ठेवतो आणि सांगू तितकी परस्पर गायब करतो. मी वायफायवर ५०० मिलिसेकंदांचा उशीर आणि १० टक्के गळती लावली. एंटर दाबल्यावर स्क्रीनवर चकार शब्द नाही. या मंडळींची रीतच अशी, बिनसलं तरच बोलायचं. ॲप लगेच अडकलं, मला कोण आनंद! दोष शोधला, दुरुस्त केला, लॅपटॉपचं झाकण लावलं आणि झोपलो.

सकाळी नेटनं मान टाकलेली. मीटिंगमध्ये माझा चेहरा अर्धवट जांभईत थिजला आणि सहकाऱ्यांनी तो जपून ठेवला. मी राउटर बंद करून चालू केला. तीनदा. घरात कोण काय डाउनलोड करतंय याची उलटतपासणी घेतली. मुलीनं न बोलता फोन पुढे केला. त्याच वायफायवर त्यात व्हिडिओ सुरळीत चालला होता. यावरून मी निष्कर्ष काढला की राउटर पक्षपाती आहे. मग नेट कंपनीला फोन करून आवाज चढवला. "लॅपटॉप रिस्टार्ट करून बघितलात का?" असं पलीकडून विचारलं, तेव्हा मी दुखावलोच. हे मला विचारायचं? मला? शिवाय ६० टॅब उघडे होते. (रिस्टार्ट केला असता तर नेटेम तिथल्या तिथे पुसला गेला असता, पण ते जाऊ द्या.)

दुपारी खुद्द राउटरलाच पिंग केलं, म्हणजे "आहेस का?" असं विचारून उत्तराला लागणारा वेळ मोजला. एरवी २ मिलिसेकंदांत येणारं उत्तर ५०२ मिलिसेकंदांनी आलं. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. तिथवर जाऊन परत जमिनीवर यायला सिग्नलला सुमारे २४० मिलिसेकंद लागतात. त्या हिशेबानं टेबलाच्या कडेला लुकलुकणारा माझा राउटर उपग्रहाच्या दुप्पट लांब होता. पुन्हा पिंग केलं. ५०२. ५०१. ५०२. मधूनच एखादं उत्तर बेपत्ता. वरचे दोन सोडले तर ५००. इतका गोल आकडा बिघाडाला जमत नाही. तो कुणीतरी टाइप करावा लागतो.

कुणी, ते वरचा बाण दाबत जुन्या कमांड चाळल्यावर कळलं. नेटेम लावणाऱ्या माझ्याच कमांडमध्ये ॲडच्या जागी डेल, म्हणजे डिलीट, केलं, एंटर मारला. पुन्हा चकार शब्द नाही. पिंग २ वर.

तेवढ्यात बेल वाजली. खांद्याला पिशवी लावून कंपनीचा माणूस दारात.

"चालू झालं की हो," त्यानं फोनवर वेग तपासला. "काही केलंत का तुम्ही?"

"छे! आपोआप झालं."

त्यानं राउटरची वायर उपसली, फुंकर मारून परत खोचली. "पिन सैल होती," म्हणाला.

"मला वाटलंच," मी म्हणालो.